समासातलं 'मग?'

एम.ए.च्या लघुप्रबंधाचं दुसरं प्रकरण मॅडमनी परत दिलं, तेव्हा बावीस पानांत पेन्सिलीनं सात ठिकाणी एकच शब्द होता : 'मग?'

विषय बडोदा संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. सयाजीराव महाराजांनी ते १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. सनावळ्या माझ्या चोख होत्या. 'सदर धोरणामुळे शैक्षणिक जाणिवांचे व्यापक परिवर्तन घडून आले' हे वाक्य तर माझं लाडकं. त्याच्यापुढे 'मग?'ही नव्हतं, 'म्हणजे?' होतं.

मी दांडिया बाजारात आत्याकडे राहते. ती तुवर सोलत बसली होती, तिला ते वाक्य वाचून दाखवलं.

"म्हणजे पोरं शाळेत जायला लागली?"

"हो."

"कशावरून?"

"पटावरची नावं वाढली ना."

"अगं, नाव तर तुझ्या काकांचंही जिमच्या रजिस्टरात आहे!"

झालं, तिथेच माझं गाडं अडलं. पटावर नाव असणं, रोज वर्गात बसणं आणि लिहिता-वाचता येणं, या तिन्ही गोष्टी मी एका 'परिवर्तना'त कोंबल्या होत्या. वाक्य इतकं भरजरी होतं, की आत दावा काय आहे हे माझं मलाच दिसलं नव्हतं.

मग एकेक पुरावा उलटा धरून पाहिला. मूल न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. पण दंड वसूल झाला याचा अर्थ कायदा चालला, की लोक त्याला जुमानत नव्हते? दोन्ही अर्थ निघतात, आणि मी सोयीचा तेवढा उचलला होता. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडताना बडोद्याचा दाखला दिला, तोही मी ऐटीत पुरावा म्हणून दिला होता. त्यावरून बडोद्याचा लौकिक कळतो, शाळेतली हजेरी नाही. शिवाय आकडे संस्थानच्याच अहवालांतले, म्हणजे ज्यांचं काम त्यांचीच नोंद.

आता तिथे असं आहे : '१९०६ नंतर पटावरची नावं वाढली, पण तेवढ्यावरून रोजची हजेरीही तितकीच वाढली, असं म्हणता येत नाही.' वाक्य साधं आहे, लिहायला चार दिवस लागले.

बावीसची चौदा पानं झाली. एक 'मग?' अजून शिल्लक आहे, मुलींच्या परिच्छेदापुढे. त्यासाठी सोमवारी पुन्हा हंसा मेहता लायब्ररीत बसायचंय.