सातवा की आठवा?
आज मोबाईलच्या दुकानात तासभर उभा होतो. एका हातात गूगलचा पिक्सेल ७ए, दुसऱ्यात ८ए. बाजारात आले तेव्हा ४३,९९९ आणि ५२,९९९. मुख्य कॅमेरा दोन्हीत ६४ मेगापिक्सेलचाच. ८एची स्क्रीन १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी), ७एची ९०. पाच वेळा वर-खाली सरकवून पाहिलं, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना काही कळेना. बायको शेजारी गप्प (हे लक्षण बरं नसतं).

अडलं ते अपडेट्सवर. २०२३च्या ७एला सुरक्षा अपडेट्स पाच वर्षं, २०२४च्या ८एला सात, म्हणजे थेट २०३१पर्यंत! पण माझा आधीचा फोन दीड वर्षात बादलीत बुडाला होता. ७ए घेतला.

काच चिकटवणारा पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला हाच बरा." काका!