कुंड तीनचं पाणी

नायट्रेटच्या तपासणीत शेवटी पाण्याला गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त. आमच्या किनाऱ्यावरच्या मोकळ्या समुद्राच्या पाण्याला हिवाळ्यात जो रंग चढतो, तो पेलाभर नारळाच्या दुधात कोकमाच्या आगळाचे चार थेंब पडावेत एवढाच. त्या डिसेंबरात ‘कुंड ३’ची, म्हणजे खडकातल्या तिसऱ्या डबक्याच्या पाण्याची, नळी उजेडासमोर धरली तर नुसतं आगळच भरल्यासारखी दिसत होती.

मी लगेच आमच्या प्रकल्प साहाय्यक मुलीला विचारलं, “बाटल्या कशाने धुतल्यास?”

“हायड्रोक्लोरिकने, मॅडम. दहा टक्के.”

“नायट्रिक नाही ना वापरलंस?”

“नाही.”

दोन्ही अ‍ॅसिडं एकाच फळीवर असतात. उरलेल्या तपासण्या केल्या. फॉस्फेट इतर नमुन्यांसारखंच, अमोनियाही तसाच. एकटं नायट्रेट चढलेलं. सांडपाणी असतं तर अमोनिया आणि फॉस्फेटही सोबत आलं असतं. नुसतं नायट्रेट म्हणजे बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड राहिलं, असं कोणीही म्हणेल. मी तेच म्हटलं, आणि प्रयोगशाळेत आणखी दोघं उभी असताना म्हटलं. एका ओहोटीचं काम वाया गेलं, असंही बोलले. ती पुन्हा एकदा “नायट्रिकला मी हात लावलेला नाही” म्हणाली आणि गप्प झाली. मी नोंदवहीत ‘नमुना दूषित’ लिहून आडवी रेघ मारली. ३१ डिसेंबरला तिचं अकरा महिन्यांचं कंत्राट संपलं आणि ती गेली.

आमचं काम थोडं सांगते. देवगड तालुक्यातल्या एका गावाच्या खडकाळ किनाऱ्यावर आम्ही समुद्री शेवाळाच्या जाती मोजतो आणि त्याच जागेच्या पाण्यात नत्र-स्फुरद किती, ते बघतो. दोन ठिकाणं आहेत. एक गावचा व्हाळ समुद्राला मिळतो तिथलं, जिथे गटारंही येतात. दुसरं नाकाडाच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाच्या, पलीकडचं, जिथे घर नाही, गटार नाही. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट माथा, खाली कडा, कड्याच्या पायाशी काळा खडक. व्हाळाजवळचं ‘बाधित’ आणि नाकाडापलीकडचं तुलनेसाठी ‘कंट्रोल’, अशी वाटणी नकाशावर बसून झाली होती. ती बैठक शहरात झाली. कड्यावरून खाली उतरून बघावं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

दोर टाकायचा, दर पाच मीटरवर पन्नास सेंटिमीटरची चौकट ठेवायची, आत काय आहे ते मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण हे सगळं पाणी खाली असतानाच करायचं असतं, आणि शेवाळाची खरी दाटी सगळ्यात खालच्या पट्ट्यात असते, जो फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत उघडा पडतो. वेळ काढायला आम्ही संकेतस्थळ उघडत नाही. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, भरतीचा तास मिळतो. त्यात सहा मिळवले की ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण कोकणात ज्याला कालवं काढायला जायचं असतं तो असाच हिशोब करतो. तळ गाठल्यावर हातात जेमतेम तासभर असतो. त्यात चौकटी, फोटो, पाण्याचे नमुने, क्षारता, तापमान. मग काहीतरी सुटतंच. आम्ही क्षारता प्रत्येक ठिकाणी एकदाच मोजायचो, लाटेच्या कडेला. फॉर्ममध्ये तिला चौकोनच एक होता.

नमुन्यांबाबत मात्र मी कडक आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पाणी जागेवरच गाळायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, घामेजलेलं बोट बाटलीच्या तोंडाला लावायचं नाही, आसपास कोणी सिगारेट ओढत असेल तर अमोनियाचा नमुना घ्यायचाच नाही. तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या दाण्यांची नळी मी स्वतः भरते. तिच्यातून जाताना नायट्रेटचं नायट्राइट होतं, मग रंग येतो. दाण्यांत एक बुडबुडा अडकला तरी पाणी एका बाजूने पळतं आणि आकडा खोटा येतो. इतकी काळजी घेणाऱ्या बाईला समोरच्या मुलीनेही तेवढीच काळजी घेतली असेल असं का वाटलं नाही, हे मी गेले काही आठवडे स्वतःला विचारते आहे.

कंट्रोलच्या ठिकाणी दुसऱ्या वर्षी एक गोष्ट खटकत होती. पहिल्या हिवाळ्यात तिथे सारगॅसमचे चांगले हातभर झुबके होते, पंख्यासारखं पॅडिना, भेगांतून कॉलेर्पा, कडेला ग्रॅसिलेरिया. दुसऱ्या हिवाळ्यात तिसऱ्या कुंडाभोवतीच्या चौकटींत अल्वाची हिरवी चादर. जाती निम्म्यावर आल्या. अल्वा म्हणजे भाजीच्या पानासारखं दिसणारं पातळ शेवाळ. अख्खं पान दोन पेशींच्या जाडीचं. सगळं अंग पाण्याला लागलेलं असल्यामुळे नत्र दिसलं की ते घटाघटा पितं आणि वाढतं. सारगॅसम तसं नाही. ते हळू घेतं, साठवतं, जानेवारी-फेब्रुवारीत भरात येतं आणि मार्च-एप्रिलमध्ये तुटून वाळूवर लागतं. तिथे उड्या मारणारे बारीक जीव आणि जिवाणू ते कुजवतात आणि साठवलेलं सगळं हळूहळू समुद्राला परत मिळतं. म्हणून किनाऱ्यावर शेवाळाच्या दहा जाती असणं आणि दोन असणं, यात नुसता यादीचा फरक नसतो. दहा असल्या तर नत्र दहा वेगांनी घेतलं जातं आणि दहा वेळांना परत जातं. एकटं अल्वा उरलं की सगळं एकदम आत, आणि कुजलं की सगळं एकदम बाहेर. अहवाल वाचणाऱ्यांना मात्र यादी हवी असते. “एकूण जाती किती?” हा एकच प्रश्न मला दर बैठकीत येतो.

अल्वा वाढण्याचं कारण मी तेव्हा त्या वर्षीच्या लाटा, गोगलगायी, असं काहीबाही लिहून ठेवलं होतं.

पौष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी नवीन मुलाला घेऊन पुन्हा गेले. प्रतिपदा. पहाटे पाचला कड्यावरून उतरलो तेव्हा टॉर्चच्या उजेडात खडक चमकत होता. गारठा चांगला होता. कुंडांतल्या पाण्याचे नमुने आम्ही डिसेंबरात पहिल्यांदा घेतले होते, तोवर लाटेच्या कडेचंच पाणी भरून आणायचो. या वेळी बाटल्या मी स्वतः धुऊन आणल्या होत्या. सरळच सांगते, ती मुलगी चुकली होती हे सिद्ध करायला मी आले होते.

कुंड एक, कुंड दोन झालं. मध्यरात्रीची भरती ओसरल्यापासून उघड्यावर राहिलेलं पाणी, पाय घातला की पोटऱ्यांत कळ जात होती. कुंड तीनमध्ये पाय ठेवला आणि थांबले. पाणी कोमट होतं. वरचा थर गार, तळाशी, कड्याच्या बाजूला, कोमट. चप्पल काढली. अंगठ्याखाली खडकाच्या भेगेतून काहीतरी हलकं हलकं पायावर येत होतं, जशी बारीक वाळू उडावी.

हिवाळ्यात पहाटे कोमट लागणारं पाणी कोणतं, हे कोकणातल्या कोणत्याही पोराला विचारा. विहिरीचं. जमिनीच्या पोटातलं.

क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर वरच्या पाण्याचा थेंब टाकला, तीस. पिचकारी भेगेशी नेऊन पाणी ओढलं, त्याचा थेंब टाकला, अकरा. काच पुसली, डिस्टिल्ड पाण्याने शून्य तपासलं, पुन्हा टाकला. अकराच. लाटेच्या कडेला पस्तीस होते, आणि फॉर्मवर तेच जाणार होते.

तेवढ्यात उजाडलं आणि मग कुंडाच्या काठची ग्रॅसिलेरिया दिसली. या लाल शेवाळाला नत्र कमी पडलं की ते अंगातलं लाल रंगद्रव्यच मोडून खातं आणि पिवळट, गवताच्या काडीसारखं होतं. नत्र भरपूर असलं की गर्द लाल. दहा पावलांवरच्या चौकटीत ती पिवळी होती. इथे पिकल्या करवंदासारखी. दोन वर्षं मी तिची टक्केवारी लिहीत होते. रंग लिहिला नव्हता.

कालवं काढायला आलेल्या एक आजी कोयती घेऊन जवळच्या खडकावर बसल्या होत्या. मी इतका वेळ एका भेगेत बोट घालून बसलेली बघून म्हणाल्या, “थंय झरो आसा गो. मे म्हयन्यात सुकता.”

जांभा म्हणजे दगडाचा स्पंजच. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून खाली झिरपतो, खालच्या चिकण मातीला अडतो आणि आडवा चालत कड्याच्या पायथ्याशी बाहेर येतो. वर आंब्याच्या कलमांच्या बागा आहेत, पलीकडे वस्तीचे शोषखड्डे आहेत. खतातलं असो की शोषखड्ड्यातलं, नत्राचं हवेशीर जमिनीत नायट्रेट होतं आणि नायट्रेट पाण्याबरोबर सरळ निघून जातं. फॉस्फेटला मात्र जांभ्यातलं लोह धरून ठेवतं. म्हणजे या कड्यातून जे पाणी बाहेर पडेल त्यात नायट्रेट भरपूर, फॉस्फेट बेताचं आणि अमोनिया जवळजवळ नाही, असंच असणार. बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड राहिल्यावर जसं दिसतं, तंतोतंत तसं.

संध्याकाळी प्रयोगशाळेत नळी पुन्हा आगळासारखी झाली.

त्या रात्री मी जुन्या क्षेत्रवह्या काढल्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, खाऱ्या पाण्याने पानं फुगलेल्या. नोव्हेंबरच्या पानावर, शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात, तिचं बारीक अक्षर: ‘कुंड ३ – पाणी कोमट, कुंड २ गार. का?’ खाली माझी सही. दर पानावर असते तशी. वहीतून संगणकावर आकडे चढवायची जी तक्ता-फाइल आम्हाला वरून आली आहे, तिच्यात शेऱ्याला रकाना नाही. त्यामुळे तो ‘का?’ वहीतच राहिला. पण मी सही केली तेव्हा तो माझ्या हाताखाली होता, फाइलच्या नाही.

आता दोन वर्षांच्या आकड्यांचं काय करायचं, ते कळत नाही. जिथे बाहेरून काही येत नाही म्हणून कंट्रोल धरलं, तिथेच खालून येत होतं. अल्वा वाढलं ते नायट्रेटमुळे, की क्षारता उतरल्यामुळे, हे याच आकड्यांवरून मी वेगळं करू शकत नाही. सारगॅसमला गोडं पाणी सोसत नाही, अल्वाला चालतं. पहिल्या वर्षीही झरा होताच, आजी सांगतात तसा. मग बदललं काय? वरच्या सड्यावर काही नवीन लागवड झाली आहे हे मी पाहिलं आहे, पण तेवढ्यावर बागायतदाराकडे बोट दाखवणार नाही. एका मुलीकडे दाखवून झालं आहे. नत्राची समस्थानिकं, म्हणजे त्याचे हलके-जड अणू, तपासली तर रासायनिक खतातलं की मैल्यातलं, याचा अंदाज येईल. त्यासाठी अल्वाचं वाळवलेलं पानच पुरतं, प्यायलेलं नत्र त्याच्या अंगात असतंच. पण ते यंत्र आमच्याकडे नाही आणि बाहेर पाठवायला पैसे मार्चनंतर बघू असं उत्तर आलं आहे. मार्चनंतर झरा आटत जाईल.

तिला फोन केला. चार दिवस लावले मी त्याला. म्हटलं, तुझ्या बाटल्या स्वच्छ होत्या. कुंडात झरा आहे. सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं, आणि ज्यांच्यासमोर बोलले त्यांनाही सांगितलं आहे. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कोमट होतं ना, मॅडम?”

“होतं.”

“सिलिकेट केलंत?”

जमिनीखालून आलेल्या पाण्यात सिलिकेट भरपूर असतं, बाटलीतल्या अ‍ॅसिडमुळे ते वाढत नाही. डिसेंबरातच ती एक तपासणी केली असती तर दोन्हींतला फरक तिथल्या तिथे कळला असता. केली नव्हती.

“प्लास्टिकच्या बाटलीत घ्या,” ती म्हणाली, “काचेतून सिलिका उतरते. आणि तो नमुना गोठवू नका.”

पौर्णिमेची ओहोटी येते आहे. तिने सांगितलेल्या बाटल्या धुऊन उलट्या घातल्या आहेत.