दुपारच्या नोंदी

औषधाचा डोस वाढवावा का, एवढेच विचारण्यासाठी त्या मुलीला आमच्याकडे पाठवले होते. वय तेरा, स्वमग्नता, सोबत बौद्धिक अक्षमता, बोलणे जवळजवळ नाही. स्वतःचे मनगट ती इतक्या जोराने चावत असे की तेथील कातडी निबर होऊन घट्टा पडला होता. रिस्पेरिडोन हे औषध सुरू होतेच. त्याने चिडचिड कमी होते हे खरे. परंतु वजन वाढते, रक्तातील साखरही वाढू शकते, आणि हे सारे मुलांनाच सोसावे लागते. म्हणून कारण शोधल्याशिवाय डोस वाढवायचा नाही, असे आम्ही ठरवले.

मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा व सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडलेल्या कार्यात्मक विश्लेषणाच्या, म्हणजे वर्तनातून काय साधते हे शोधण्याच्या पद्धतीने, इजा होणार नाही अशी काळजी घेत, तिला निरनिराळ्या परिस्थितींत पाहिले. ती चावली की कधी आम्ही तिच्याकडे लक्ष देत असू, कधी समोरचे काम बाजूला करत असू. कधी ती एकटी असे, तर कधी मनसोक्त खेळत असे. काम टाळण्यासाठी ती चावते, असा निष्कर्ष निघाला आणि शाळेचेही तेच म्हणणे होते. मला मात्र तो अपुरा वाटला, कारण मणी ओवण्याचे जे काम ती सकाळी आनंदाने करी, तेच दुपारी समोर येताच तिचे दात मनगटात रुतत.

आईने ठेवलेल्या नोंदी पुन्हा वाचल्या, तेव्हा चावण्याच्या बहुतेक वेळा जेवणानंतरच्या निघाल्या. झोपेबद्दल विचारल्यावर आई म्हणाल्या, “ती आडवी होतच नाही हो, उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. लहानपणापासूनची सवय आहे तिची.” त्या उत्तरावरून, आडवे झाल्यावर पोटातले आम्ल वर येऊन तिला दुखत असावे, अशी शंका आली आणि आम्ही तिला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला आम्लामुळे सूज आलेली आढळली. ज्या मुलांना दुखणे सांगता येत नाही, त्यांच्या बाबतीत दात, कान, बद्धकोष्ठता आणि आम्लपित्त आधी तपासलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उपचारांनंतर जेवणानंतरचे चावणे हळूहळू ओसरले, पण पूर्ण थांबले नाही. वेदनेपायी सुरू झालेल्या वर्तनाने कामातून सुटका होते, हे ती एव्हाना शिकली होती. म्हणून एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवलेल्या मार्गाने आम्ही तिला चावण्याऐवजी ‘थांबा’चे कार्ड द्यायला शिकवले. कार्ड हाती पडताच काम थांबलेच पाहिजे, हे तिच्या शिक्षिकेला पटवणे अधिक अवघड गेले. “मग ती कामच करणार नाही,” ही त्यांची भीती रास्त होती. म्हणून मी काही दिवस वर्गात त्यांच्याशेजारी बसले, आणि कार्ड देण्याआधी करायचे मणी आम्ही दोघींनी मिळून एकेक करून वाढवत नेले.