आमची वाटचाल : ६४ एमबीपासून इथवर

लहान कार्यालये, दवाखाने, शिकवणी वर्ग, हिशेब तपासनीस अशांच्या इंटरनेट जोडणीच्या तोंडाशी फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणारी माहिती नियमांप्रमाणे अडवणारी-सोडणारी यंत्रणा, बसवायची आणि पुढे ती सांभाळायची, हा आमचा धंदा. तांत्रिक कामाला तिघे, हिशेबाला एक जण आणि उरलेले सगळे माझ्याकडे. सुरुवातीला तयार फायरवॉल विकत घेण्याची या गिऱ्हाइकांची ऐपत नव्हती आणि ती दुकानात मांडून ठेवण्याची आमचीही नव्हती. पण प्रत्येकाकडे कपाटामागे एखादा निवृत्त पेंटियम धूळ खात पडलेला असायचा. त्यात दुसरे लॅनकार्ड घातले की आमचे भांडवल तयार.

पहिली काही कामे आम्ही एका फ्लॉपीवर केली. कोयोटी लिनक्ससारख्या फायरवॉल-प्रणाली १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मावत. संगणक त्यावरून सुरू व्हायचा, सगळे रॅममध्ये चढायचे आणि हार्ड डिस्कची गरजच पडायची नाही. फ्लॉपीची खिडकी सरकवून लिखाण बंद केले की कुणी आत घुसला तरी त्याला कायमचा बदल करता येत नसे. त्रास एकच, फ्लॉपी दगा द्यायच्या, आणि त्या नेमक्या वीज जाऊन आल्यावर द्यायच्या.

आम्हाला खरा हात दिला तो मोनोवॉल या फायरवॉल-प्रणालीने. स्वित्झर्लंडच्या मान्युएल कास्परने २००३ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती सुरू केली. ६४ एमबी रॅम तिला पुरायची आणि सगळी प्रणाली १६ एमबीच्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर मावायची. हे कार्ड साध्या अडॅप्टरने आयडीई केबलला थेट जोडता येते, म्हणजे जुन्या संगणकातला सगळ्यात आधी मरणारा भाग, हार्ड डिस्क, काढूनच टाकता येतो. आमच्या लेखी सर्वांत मोठी सोय होती ती एका एक्सएमएल फाइलची. नियम, पत्ते, व्हीपीएन (बाहेरून कार्यालयात येणारी सुरक्षित जोडणी), सगळे तिच्यातच. डबा जळाला तर दुसरा कुठलाही डबा उचलायचा, कार्ड लिहायचे, फाइल चढवायची, लॅनकार्डांची नावे जुळवायची आणि निघायचे. आमचा देखभाल करार या एका फाइलवर उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

पुढे २००४ मध्ये मोनोवॉलमधूनच पीएफसेन्स फुटून निघाले. त्यात पॅकेजे, म्हणजे वरून जोडायचे जादा प्रोग्रॅम, आली आणि गिऱ्हाइकांच्या मागण्याही वाढल्या. अमुक साइट बंद करा, पाने साठवून वेग वाढवा, आत शिरणारा हल्ला ओळखा. रॅमचा हिशेब खऱ्या अर्थाने आम्ही इथे शिकलो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

फायरवॉलचे मूळ काम फार थोड्या रॅममध्ये होते. शंभर-दोनशे नियमांना नगण्य जागा लागते. रॅम लागते ती चालू जोडण्यांच्या नोंदींना, म्हणजे स्टेट टेबलला. पीएफ या पीएफसेन्समधल्या मूळ फायरवॉल-प्रोग्रॅममध्ये एका नोंदीला साधारण एक केबी धरतात आणि पीएफसेन्स रॅमचा दहावा हिस्सा त्यासाठी राखते. २५६ एमबीच्या संगणकात पंचवीस हजारांच्या आसपास नोंदी बसतात. वीस माणसांच्या कार्यालयाला एवढ्या पुरून उरतात, कुणी टोरेंट लावून बसला नाही तर. मग रॅम खाते कोण? हल्ले ओळखणारे स्नॉर्ट, कारण हल्ल्यांच्या खुणांची अख्खी यादी ते रॅममध्ये धरून बसते. पाने साठवणारे स्क्विड, कारण डिस्कवर साठवलेल्या पानांची सूचीही रॅममध्येच लागते. आणि लाखो नावांच्या त्या बंदी-याद्या. यांतले एकही काम पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, अडवण्या-सोडण्याचे नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला : जुन्या डब्यावर फक्त फायरवॉल, साइटच्या नावावरून पत्ता शोधणे आणि कार्यालयातल्या संगणकांना पत्ते वाटणे (डीएचसीपी). बाकी हवे असेल तर वेगळे यंत्र. यावरून काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेली. स्क्विडचा प्रश्न तर पुढे आपोआप मिटला. बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, गेल्यावर मधल्या यंत्राला पानच दिसेना, मग साठवणार काय?

मेमरीचे एवढे बोलतो खरा, पण प्रत्यक्षात आम्हाला जास्त छळले ते लॅनकार्डांनी. जुन्या संगणकांत बहुधा रिअलटेक ८१३९ सापडे. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे, पण आलेले प्रत्येक पॅकेट प्रोसेसरला एकदा स्वतः उचलून दुसरीकडे ठेवावे लागते. बारीक पॅकेटांचा मारा झाला की प्रोसेसर हमालीतच संपतो. तीच मशीन इंटेलच्या कार्डावर निवांत चालते. जोडणी संथ होती तोवर हे खपून गेले. वेग वाढल्यावर पीसीआय बस, म्हणजे कार्डे मदरबोर्डशी ज्या वाटेने बोलतात ती वाटच, आडवी आली. तिची कागदावरची कमाल सेकंदाला १३३ एमबी आणि तीही सगळ्या कार्डांत वाटून. फायरवॉलमधून जाणारे पॅकेट बस दोनदा ओलांडते, एकदा आत येताना, एकदा बाहेर जाताना. म्हणजे कागदावरही जेमतेम ५३० मेगाबिट, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. गिगाबिट फायबर घेतलेल्या गिऱ्हाइकाला हे गणित मांडून दाखवले की तो रॅम वाढवायची भाषा सोडतो.

दुसरा छळ बायोसच्या बॅटरीचा. ती संपलेली असली की वीज गेल्यावर घड्याळ कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. मग व्हीपीएनची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नाहीत असे यंत्राला वाटते आणि व्हीपीएन जुळत नाही. डीएनएसएसईसीची (नावाचा मिळालेला पत्ता खरा आहे का याची) तपासणी चालू असेल तर नावेही उलगडत नाहीत, आणि नाव उलगडत नाही म्हणून वेळ सांगणारा सर्व्हरही सापडत नाही. अगदी बंद कुलपाच्या खोलीतच किल्ली राहावी तसे. त्यामुळे डबा आला की आधी सीआर२०३२ बदलायची आणि एका वेळ-सर्व्हरचा पत्ता नावाने नव्हे, आकड्यांत द्यायचा. त्याच बैठकीत बायोसमध्ये कीबोर्ड नसला तरी सुरू होण्याची आणि वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय लावायची, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत का तेही पाहायचे. फुगले असतील तर तो बोर्ड परत.

मोनोवॉलचा निरोप १५ फेब्रुवारी २०१५ ला आला. काम थांबवत असल्याचे कास्परने जाहीर केले आणि वापरणाऱ्यांना ओपीएनसेन्स या दुसऱ्या फायरवॉल-प्रणालीचा रस्ता दाखवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये पीएफसेन्स २.४ आले, त्यात ३२ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरांचा आधार गेला आणि कार्डावर चालणारी नॅनोबीएसडी आवृत्तीही गेली. आमचे बरेच डबे ३२ बिटवरच होते. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेली फायरवॉल तशीच चालू ठेवणे आम्हाला पटणारे नव्हते. ते सगळे आम्ही ओपनडब्ल्यूआरटीवर नेले. ती वाय-फाय राउटरची प्रणाली म्हणून ओळखली जाते, पण जुन्या इंटेल-एएमडी संगणकांसाठीही तिच्या प्रतिमा (कार्डावर लिहायच्या तयार फाइली) निघतात आणि १२८ एमबी रॅमवर ती नीट चालते. इथे एक्सएमएल फाइल नाही, मजकुराच्या छोट्या फाइलींचा एक फोल्डर आहे. आमच्या पोरांना तो जास्त आवडला, कारण दोन बदलांतला फरक ओळ-ओळ दिसतो. २२.०३ आवृत्तीत ती आयपीटेबल्स या जुन्या नियम-यंत्रणेवरून एनएफटेबल्स या नव्या यंत्रणेवर गेली, तेव्हा हाताने लिहिलेले नियम पुन्हा लिहावे लागले.

मात्र आता येईल तो संगणक आम्ही घेत नाही. जुना पेंटियम ४ रिकामा बसूनही ८० वॉट ओढत असेल तर वर्षाला ७०० युनिटे जातात. पाचेक वॉटवर चालणारा छोटा बोर्ड ४४ युनिटांत भागवतो. फुकटात मिळालेला संगणक वर्षभर चोवीस तास चालवला की फुकट राहत नाही, हे आम्ही आता पहिल्याच भेटीत सांगतो. पेंटियम गेले तिथे आम्ही पीसी इंजिन्सचे अॅलिक्स बोर्ड बसवले. ५०० मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, पंखा नाही. तेही आता जुनेच झाले. २०२३ मध्ये त्या कंपनीने आपली बोर्डांची मालिका आवरती घेत असल्याचे सांगितल्यावर आम्ही गिऱ्हाइकांनी बदललेले बोर्ड परत घेऊन सुट्या भागांसाठी ठेवायला लागलो.

व्हीपीएन मागणाऱ्यांना या बोर्डांवर वायरगार्ड या प्रकारचे व्हीपीएन देतो. अशा प्रोसेसरवर ते ओपनव्हीपीएन या जुन्या प्रकारापेक्षा बरेच हलके पडते. कार्यालयाची जोडणी शंभर मेगाबिटच्या आत असेल तर अॅलिक्स अजून दोन-तीन वर्षे जाईल असा आमचा अंदाज आहे, आणि तसेच आम्ही करारात लिहून देतो. त्यापुढच्या वेगाला आता ६४ बिटचे, टाकून दिलेले थिन क्लायंट (सर्व्हरच्या जोरावर चालणारे छोटे कार्यालयीन संगणक) तपासतो आहोत. त्यांत बहुधा लॅनचे एकच पोर्ट असते, म्हणून एकाच पोर्टवर दोन वेगळी जाळी चालवू देणारा व्हीलॅनचा स्विच सोबत द्यावा लागतो. तो धरूनही हिशेब बसतो का, याची चाचणी सध्या आमच्याच कार्यालयाच्या जोडणीवर चालू आहे.