तुम्ही विचारलंत म्हणून: एसएसीडी खरंच भारी वाजते का?

घरी कोणी आलं आणि डिस्कच्या कपाटाकडे लक्ष गेलं की प्रश्न ठरलेला, "ही एसएसीडी साध्या सीडीपेक्षा खरंच भारी वाजते का हो?" एसएसीडी म्हणजे सुपर ऑडिओ सीडी, दिसायला सीडीसारखीच पण आवाज जास्त बारकाईने साठवणारी डिस्क. विचारणाऱ्याने कुठेतरी तिचा सेकंडहँड प्लेअर बघून ठेवलेला असतो आणि घेऊ का, एवढंच विचारायचं असतं. लिहूनच टाकतो एकदाचं.

आधी माझी फजिती ऐका. मीही जुनाच प्लेअर घेतला, आणि पहिले सातआठ महिने येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून समोर बसवायचो, जॅझची एक डिस्क लावायचो, डोळे मिटा, ही झांज विरत जातेय ना, तिचं अगदी शेवटचं टोक ऐका, सीडीवर हे मिळायचं नाही. लोक बिचारे माना डोलवायचे. मग सुट्टीत भाचा आला, त्याने डिस्प्लेकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, इथे तर नुसतं सीडी लिहिलंय." बघतो तर खरंच! हायब्रिड डिस्कमध्ये दोन थर असतात, एसएसीडीचा थर अर्धपारदर्शक आणि त्याच्या पलीकडे साध्या सीडीचा, म्हणूनच ती कुठल्याही सीडी प्लेअरवर चालते. आधीच्या मालकाने सेटिंग सीडीवर ठेवलेलं आणि मी ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणजे इतके महिने पाहुणे साधी सीडी ऐकत होते आणि मी गोडवे गात होतो.

कागदावर फरक प्रचंड आहे. १९८२ ची सीडी म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे मापं, आणि एकेक १६ बिटचं, तर सोनी आणि फिलिप्सनेच १९९९ मध्ये काढलेल्या एसएसीडीत एकेका बिटचे सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० नमुने. पण सीडीतही २० किलोहर्ट्झपर्यंतचं, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारं सगळं बसतं आणि माझ्या वयात १४ च्या वरचं काही ऐकू येत असेल तर देवाची कृपा. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये याच्या चाचण्या छापल्या, एसएसीडीचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवायचा आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं, साडेपाचशेच्या वर वेळा विचारलं आणि बरोबर उत्तरं निम्मी, म्हणजे छापा-काटाच झाला. पण त्यांनीच हेही लिहिलंय की यातल्या बऱ्याच डिस्क नेहमीच्या सीडींपेक्षा सरस वाजतात, कारण त्या करणाऱ्यांनी मास्टरिंग, म्हणजे डिस्क छापण्याआधी आवाजावर फिरवायचा शेवटचा हात, जीव लावून केलेलं असतं.

माझं म्हणणं तेच आहे. माझ्याकडे एकाच जुन्या ख्यालाच्या दोन सीडी आहेत, आधीची बारीक आवाजाची, मागे थोडी खरखर, पण तानपुरा आख्खा शाबूत, आणि नंतरची 'रीमास्टर्ड', तिच्यात खरखर पुसताना जवारीच, तानपुऱ्याच्या तारांची ती गुंजणारी झणक, पुसून टाकलीय आणि आवाज इतका चढवलाय की आलापीची पहिली 'सा' पण अंगावर येते. दोन्ही १६ बिटच की हो. बाकी ख्यालाला सीडीनेच खरा न्याय दिला, ७४ मिनिटं सलग. एलपीची बाजू वीसबावीस मिनिटांत संपायची, विलंबित रंगात आलं की आपण उठा आणि तबकडी उलटा.

घरी दोन थर बदलून ताडून बघणार असाल तर आवाज आधी सारखा करून घ्या, सीडीचा थर बऱ्याचदा जरा मोठा वाजतो आणि मोठं ते चांगलं वाटतं. आणि आपल्या शास्त्रीय संगीताच्या एसएसीडी फारशा नाहीतच, तेव्हा तुमच्याकडे सगळं ख्याल-ठुमरीच असेल तर कशाला पैसे घालता, साधा सीडी प्लेअर घ्या आणि उरलेल्यात जुन्या सीडी शोधा. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस हे सीडी-कॅसेटचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून मी त्या रद्दीवाल्यांकडेच शोधतोय. वेस्टर्न क्लासिकल किंवा जॅझ ऐकत असाल तर मात्र घ्या, फक्त बघायला जाताना एक हायब्रिड डिस्क खिशात ठेवा. जुन्या प्लेअरची लेझर थकलेली असली की सीडी वाजते पण एसएसीडीचा थर वाचत नाही. डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते नीट बघा, नाहीतर भाच्याला सोबत न्या.