बापूंचं दीड आण्याचं तिकीट

आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील प्रेसमध्ये कामाला होते. देशभरच्या पत्रांवर लागणारी तिकिटं आपल्या नाशिकरोडला छापतात, हा आम्हा सगळ्यांचा अभिमान. आठवीत इतिहासाच्या सरांनी त्या अभिमानाची परीक्षाच घेतली.

स्वातंत्र्याचा धडा चालू होता. सरांनी घरून तिकिटांचा अल्बम आणला. तिकिटाला बोट लावायचं नाही, चिमट्यानेच धरायचं, ही पहिली ताकीद. मग एकेकाला भिंगातून बघायला बोलावलं. तपकिरी रंग, बापूंचा चेहरा, आणि 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूतही. फाळणीचे घाव ओले असताना दोन्ही लिप्या एका तिकिटावर घेतल्या, हे सरांनी थांबून, सावकाश सांगितलं. तारीख 15 ऑगस्ट 1948. बापूंना जाऊन साडेसहा महिने झाले होते. दीड, साडेतीन आणि बारा आणे, शिवाय दहा रुपये, अशी चार तिकिटं निघाली. दहा रुपयांचं सरांकडे नव्हतं. तेवढे पैसे तिकिटावर घालणं त्या काळी कुणाला परवडणार?

"हे छापलं कुठे?" सरांनी विचारलं.

"नाशिकरोडला!" सगळा वर्ग ओरडला.

"स्वित्झर्लंडला. कुर्व्हाझिए नावाच्या छापखान्यात."

वर्ग खवळलाच. ज्याचे वडील मशीनवर होते तो मुलगा उठून म्हणाला, "सर, जन्मभर स्वदेशी सांगितलेल्या माणसाचं तिकीट परदेशात?" सरांनी त्याला खाली बसवलं नाही. उलट त्याचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि आम्हाला भांडू दिलं. आपल्या प्रेसमध्ये तेव्हा फोटोग्रॅव्ह्यूरची, म्हणजे फोटोवरून धातूवर कोरलेल्या साच्याने करायची छपाई होत नव्हती. चेहऱ्यावरच्या छाया इतक्या मऊ उतरतात त्या याच तंत्राने, हे त्यांनी भिंगाखाली दाखवलं. मग पुढचं पान उलटलं. 1952 ची सहा तिकिटं: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. तेच तंत्र, पण छपाई नाशिकरोडची! शेजारच्या वर्गातले सर बघायला आले इतक्या टाळ्या वाजल्या.

शाळा सुटल्यावरही मी सरांकडे जात असे आणि हा वाद हटकून निघे. बापूंचा चेहरा उत्तमच उमटायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र आजही वाटतं, थोडं भरड आलं असतं तरी चाललं असतं, ते तिकीट इथेच छापायला हवं होतं.