दहावीचं विज्ञान पीयूसीत कुठे कमी पडतं

एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, विज्ञानात ऐंशीच्या घरात पोचलेली मुलं पहिल्या पीयूसीच्या (अकरावीच्या) पहिल्याच चाचणीत गडगडतात, तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणीकडे खापर मराठी माध्यमावर फुटतं. इंग्रजीची अडचण खरीच आहे, पण ती दिवाळीपर्यंत बरीचशी ओसरते. गणित विज्ञानात वापरायची आणि हाताने मोजायची सवय नसते, ती उणीव मात्र पुढेही छळते.

गतीचा धडा भौतिकशास्त्रात सुरुवातीलाच येतो आणि तात्कालिक वेगासाठी डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर काढायचं गणित) लागतं. गणिताच्या पुस्तकात ते प्रकरण शेवटाकडे असतं. त्याहून वाईट म्हणजे, दहावीत शिकलेलंही वापरलं जात नाही. अंतराच्या सूत्रातून वेळ काढायला सांगितली की हे वर्गसमीकरण आहे, हेच सुचत नाही. रसायनात पीएच (द्रावण किती आम्लधर्मी, याचं माप) दहावीला कागदाच्या रंगावरून कळतो, इथे ०.००५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच २.३ काढायला लॉग लागतो.

खरी परीक्षा प्रयोगशाळेत. दुसऱ्या पीयूसीतलं पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजायचं. ०.०५ मोलरचं २५० मिली द्रावण करायला ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक १.५७५ ग्रॅम लागतात. रेणूतलं पाणी धरायचं विसरलं तर हिशेब तिथेच चुकतो. ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची नळी) परमँगनेटनेच खळबळायची, कोनिकल फ्लास्क मात्र फक्त पाण्याने. तो आम्लाने खळबळला तर आत जास्तीचं आम्ल राहतं आणि रीडिंग वाढतं. ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा काढायचा, फनेल उचलायचा, मगच सुरुवातीचं रीडिंग घ्यायचं. द्रावण गडद असल्याने वरची कड वाचायची. फ्लास्कमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं. थंड ठेवलं तर पहिले थेंब गुलाबीच राहतात आणि मुलं तोच शेवट समजतात. मँगनीज आयन तयार होईपर्यंत क्रिया मंद असते. सल्फ्युरिक कमी पडलं तर तपकिरी गढूळपणा येतो. हायड्रोक्लोरिक चालत नाही, कारण परमँगनेट क्लोराइडवरच खर्च होतं.

यातलं एकही कौशल्य दहावीच्या आवाक्याबाहेरचं नाही. पण हायस्कूलमध्ये प्रयोग बहुधा टेबलावर सर करतात आणि मुलं वहीत आकृती काढतात. ते मला अजिबात पटत नाही.

परीक्षा संपली की कॉलेज सुरू होईपर्यंत एप्रिल-मे हातात असतो. सीईटीची जाडजूड पुस्तकं तेव्हा नकोत. सूत्राची उलटापालट, एककं, दहाचे घात, लॉग आणि आलेखाचा चढ एवढंच रोज तासभर करावं. शाळेकडे ५० मिलीची एक ब्युरेट असेल, तर तिच्यात साधं पाणी भरून बरोबर १० मिली भांड्यात सोडायचं आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करायचं. ९.९ ते १०.१ ग्रॅमच्या आत सलग पाच वेळा आलं की पुढचा मुलगा.